सुधाताईंनी नापास केलेला कीबोर्ड

बापूसाहेब, मंडळाचे सगळे जुने-नवे कलाकार, बाहेरगावाहून आलेली मंडळी, आणि पुढच्या ओळीत बसलेल्या, सुधाताईंच्या बहीण मालूताई,

मला भाषणाची सवय नाही. मी वाजवणारा माणूस. समोर वाद्य असलं की हात आपोआप चालतात. आज समोर नुसता माईक आहे. घरून चार ओळी लिहून आणल्या होत्या. त्यात 'पोकळी' होती, 'भरून न येणारी हानी' होती. सुधाताईंनी तो कागद वाचला असता तर म्हणाल्या असत्या, "हनीफ, हे कुणाबद्दल लिहिलंयस रे? मला ओळखतोस ना?" म्हणून कागद खिशातच राहू दे. आणि एक आधीच सांगतो. बोलताना मला मधेच हसू येईल. तुम्हालाही आलं तर दाबू नका.

सुधाताईंना तुम्ही दोन ठिकाणी ओळखता. एक, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. तीस वर्षं त्या ऑपरेटर होत्या. मुंबईचा कॉल लावायचा तर आधी त्यांचा आवाज ऐकावा लागे. आणि दुसरं, याच रंगमंचाच्या डाव्या विंगेत, पायपेटीवर. मंडळाचं एकही संगीत नाटक त्यांच्याशिवाय उभं राहिलं नाही. मग गुडघे गेले. पायपेटीला पायाने भाता मारावा लागतो. दोन अंक भाता मारायचा म्हणजे गुडघ्यांना नको होतं. डॉक्टर म्हणाले, बंद करा. ताईंनी बंद केलं. प्रयोगाला यायच्या, पाचव्या ओळीत बसायच्या, आणि त्यांची बोटं मांडीवर चालू असायची. मालूताई, तुम्ही शेजारी असायचात. तुम्ही पाहिलंय.

मी तेव्हा कुवेतमध्ये होतो. एका दुकानात टीव्ही, टेपरेकॉर्डर विकायचो. सहा वर्षं काढली. मग ठरवलं, आता पुरे, रत्नागिरीतच राहायचं आणि वाजवून पोट भरायचं. येताना एक कीबोर्ड आणला. नुसता कीबोर्ड नव्हे, वर्कस्टेशन! म्हणजे पियानो त्यात, बासरी त्यात, तबला-ढोलकी त्यात, आणि सगळं वाजवून आतच नोंदवून ठेवायची सोय. एका माणसाचा अख्खा ऑर्केस्ट्रा. आमच्या गल्लीत चार दिवस जत्रा होती. जो येई तो एक पट्टी दाबून बघे आणि म्हणे, वा!

पाचव्या दिवशी ताई आल्या. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "ताई, याला वर्कस्टेशन म्हणतात."

ताई म्हणाल्या, "असं होय? चला, रत्नागिरीत एकदाचं स्टेशन तरी आलं."

अजून आपल्याकडे रेल्वे यायची आहे, मंडळी. पण त्या दिवशी माझ्या ऐटीवरून एक गाडी गेली.

मला वाटलं, आता बसतील आणि वाजवतील. त्यांनी काय केलं असेल? वाद्य उलटं केलं. वाजवलं नाही, उलटं केलं! पदर खोचला, चष्मा लावला आणि खालचे स्क्रू बघायला लागल्या.

"हनीफ, हे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये गेलेत. दोनदा काढलेस की आटे जाणार."

मी म्हटलं, "ताई, आधी आवाज तर ऐका."

"आवाज कुठे पळून जातोय? थांब."

मग मागच्या बाजूला जिथे वायर लागते तिथे बोट लावून हलवलं. मग एकेक पट्टी दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे डोलते का ते बघितलं. एकसष्ट पट्ट्या! एकही सोडली नाही. मग डोळे मिटून बसल्या आणि म्हणाल्या, "आता मला पियानोवरून बासरीवर जायचंय. कुठलं बटण?" मी हात धरून दाखवायला गेलो, तर म्हणाल्या, "हात लावू नकोस. विंगेत अंधार असतो. तिथे तू येणार आहेस का दाखवायला?"

चाचपडत त्यांनी सात बटणं दाबली. डोळे उघडले. यंत्रातून ढोल वाजत होता.

त्यांचं एक माप होतं. ते मी आयुष्यभर विसरणार नाही. गाणारा दोन ओळींच्या मधे श्वास घेतो ना, तेवढ्या वेळात वादकाला आवाज बदलता आला पाहिजे. नाही आला, तर ते वाद्य स्टेजचं नाही, दिवाणखान्याचं. किती साधं माप! कंपनीच्या जाड पुस्तकात कुठे होतं हे?

तीन दिवस ताई रोज येत होत्या. एकदा वाद्य खिडकीपाशी उन्हात ठेवलं, पडद्यावरची अक्षरं दिसतात का बघायला. दिसत नव्हती. एकदा मला गाणं नोंदवायला लावलं आणि मी खुशीत मान डोलावत असताना भिंतीवरचं मेन बटणच बंद केलं. परत चालू केलं तेव्हा गाणं गायब.

"ताई! दोन तास घालवले होते त्यावर!"

"रत्नागिरीत लाइट जाते की नाही?"

"जाते."

"मग? फ्लॉपीवर आधी ठेवायला नको? आज माझ्या हाताने गेली म्हणून वाचलास."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निकाल लागला. ताई म्हणाल्या, "आवाज सुरेख. पट्ट्या छान आहेत, दाबलेली पट्टी बोटाबरोबर वर येते. ज्याने पट्ट्या केल्या त्याला नमस्कार. पण पाठ कच्ची आहे. वायरची जागा सैल आहे. समुद्राची हवा आत शिरायला शंभर वाटा आहेत. एक्स्चेंजमध्ये तांब्यापितळेचे काटे दर पावसाळ्यात पुसून मी म्हातारी झाले, मला सांगू नकोस. आणि ही बटणं ज्याने मांडली त्याने कधी स्टेजवर साथ केलेली नाही. हे वाद्य असंच लोकांपुढे नेऊ नकोस. नापास."

नापास! अख्ख्या गल्लीने वा म्हटलेलं माझं वाद्य नापास!

मला राग आला. आज कबूल करतो, फार राग आला. मी म्हटलं, "ताई, तुम्ही पायपेटीच्या जमान्यातल्या. तुम्हाला यातलं काय कळणार?"

बोललो आणि जीभ चावली. पण शब्द गेला होता. ताईंनी चष्मा काढला, डबीत ठेवला, आणि म्हणाल्या, "बरं." एवढंच. आणि गेल्या.

पुढच्याच आठवड्यात संगमेश्वरला लग्न होतं. माझा पहिला कार्यक्रम. दुपारची वेळ, मांडव भरलेला. नवरा-नवरी स्टेजवर आली, मी सनई आणि चौघडा एकदम सुरू केला, आणि कुणाचा तरी पाय वायरीला लागला. जरासाच. वाद्य मेलं. मी वायर दाबली, सुरू झालं. हात काढला, मेलं. शेवटी एका हाताने वायर धरून दुसऱ्या हाताने वाजवत बसलो. उन्हामुळे पडद्यावर काही दिसेना. सनई म्हणून बटण दाबलं आणि नवरी हार घालत असताना आगगाडीची शिट्टी वाजली.

हसा, हसा. तिथले लोकही असेच हसले.

मी मात्र एसटीत तोंड लपवून बसलो होतो. डोक्यात एकच. परत कुवेत. उद्याच पत्र टाकायचं. रत्नागिरीत राहायचं स्वप्न एका सैल वायरीवर लटकलं होतं, आणि ते मला आधीच सांगणाऱ्या बाईला मी काय बोलून बसलो होतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी वाद्य खांद्यावर घेऊन ताईंच्या दारात गेलो. मालूताईंनी दार उघडलं. मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "वायर ना?"

मी म्हटलं, "ताई, मी त्या दिवशी..."

"ते राहू दे. चहा घे. आणि मिरजोळ्याला जायचंय आपल्याला, अकराच्या गाडीने. महादेवला निरोप दिलाय."

म्हणजे काय समजलात? त्यांनी मला नापास करून सोडून दिलं नव्हतं. मी रागावून बसलो होतो त्या दिवसांत ताई कागदावर आकृत्या काढत होत्या. एक्स्चेंजमधल्या वायरी कशा आवळून धरतात, तशी पितळेची पकड. ती महादेवने मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या आपल्या शेडमध्ये घडवली. महादेव, मागे उभा आहेस, हात वर कर. हाच तो. फणसाच्या लाकडाची पेटी यानेच केली, आतून जाड फ्लॅनेलचं कापड लावलेली, खाऱ्या हवेला शिरकाव नाही अशी. आणि बटणांसाठी ताई काय घेऊन आल्या? नेलपॉलिश! जन्मात ज्यांनी नखाला रंग लावला नाही, त्यांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी बांगडीवाल्याकडून लालभडक नेलपॉलिश आणलं. लागणाऱ्या बटणांवर त्याचे जाड ठिपके दिले. बासरीला एक, पायपेटीच्या आवाजाला दोन, स्वर खाली-वर करायला तीन. सुकल्यावर बोटाला लागायचे. अंधारात वाचता यायचे. बांगडीवाल्याने विचारलं होतं, "ताई, कार्य कुणाकडे?" तर म्हणाल्या, "आमच्याच घरी. मुलगी सावळी आहे, पण गाते छान."

ठिपके लागतात का बघायला कुणीतरी वाजवायला हवं होतं. मी म्हटलं, "ताई, बसा." त्या बसल्या. डोळे मिटले. दोन ठिपके चाचपले. आणि खोलीत पायपेटी वाजायला लागली. त्यांचे पाय जमिनीवर गप्प होते. भाता नाही, गुडघे नाहीत. नुसती बोटं. पाच मिनिटं वाजवलं असेल. थांबल्या आणि पायांकडे बघून म्हणाल्या, "अगंबाई, दुखलंच नाही."

मालूताई स्वयंपाकघरात उठून गेल्या. मीही खिडकीबाहेर बघत राहिलो.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगतो. रविवार दुपारचा प्रयोग. पेटीवाले चिपळूणहून यायचे, तर घाटात ट्रक आडवा झालेला, गाडी अडकली. प्रेक्षक आत बसलेले. बापूसाहेब मला म्हणाले, "हनीफ, तू बस." मी म्हटलं, "मला नाटकातली पदं येत नाहीत. ताई बसतील. या वाद्यावर." बापूसाहेब, रागावू नका, पण तुम्ही काय म्हणालात? "संगीत नाटकात हे विजेचं खेळणं? प्रयोग रद्द करीन!"

आणि ताई शांतपणे म्हणाल्या, "बापू, एक पद होऊ दे. नाही आवडलं तर पडदा पाड. दोर तुझ्याच हातात आहे."

त्यात नायिकेचा घसा बसलेला. ऐन वेळी विंगेत येऊन म्हणाली, "ताई, अर्धा स्वर खाली घ्याल का?" एरवी वादकाने सगळी बोटं नव्याने बसवायची. ताईंनी तीन ठिपके चाचपले. दाबलं. म्हणाल्या, "घेतला. जा, गा."

पहिल्या पदाला वन्स मोअर. दुसऱ्याला वन्स मोअर. पडद्याचा दोर धरून बापूसाहेब उभे होते, आणि बापूसाहेब, खोटं सांगू नका, तुम्ही मान डोलावत होता. मी ताईंच्या मागे उकिडवा बसून वायरीकडे बघत होतो. तीन अंक वायर हलली नाही. आणि शेवटी ताई पुढे आल्या, तेव्हा तुम्ही सगळे उभे राहिलात. अख्खं नाट्यगृह.

मी कुवेतला पत्र टाकलं नाही. आज माझा ऑर्केस्ट्रा आहे, सहा जणांची घरं त्यावर चालतात. आणि ताईंकडे तर रीघ लागली. देवरुख, लांजा, राजापूर, कुठून कुठून लोक नवे कीबोर्ड घेऊन यायचे. ताई वाद्य उलटं करायच्या आणि विचारायच्या, "लाइट जाते का तुमच्याकडे?" कित्येक नापास केले. पण नापास झालेला एकही माणूस त्यांच्या दारातून रिकाम्या हाताने गेला नाही. काय दुरुस्त करायचं ते कागदावर लिहून द्यायच्या, सुवाच्य अक्षरात.

आता शेवटचं सांगतो.

त्या गेल्या त्याच्या आदल्या रविवारची गोष्ट. हेदवीच्या भजन मंडळाने नवं वाद्य घेतलं होतं. ताईंना बघायला बोलावलं. जयगडच्या खाडीतून होडीने पलीकडे गेलो. मी म्हटलं, "गुडघे?" तर म्हणाल्या, "होडीला कुठे पायडल मारायचंय मला?" देवळाच्या सभामंडपात वाद्य मांडलेलं. गावातली पंचवीस-तीस माणसं आजूबाजूला, निकाल ऐकायला टपलेली. ताई बसल्या. आणि वाजवायला लागल्या. बायका गायला लागल्या. मग पुरुष. मग म्हाताऱ्यांनी टाळ काढले. दीड तास. मी सारखा घड्याळाकडे बघत होतो, परतीची होडी चुकेल म्हणून. जेवणं झाली, निरोप झाले, होडीत बसलो.

खाडीच्या मध्यावर मी विचारलं, "ताई, कसं होतं वाद्य? पास की नापास?"

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. आणि मग असं हसल्या, असं हसल्या, की होडीवाला वल्हं थांबवून बघायला लागला. म्हणाल्या, "अरे मेल्या, बघायचं राहिलंच की! मी नुसतीच वाजवत बसले."

दोन दिवसांनी, मंगळवारी सकाळी, पूजा आटोपून त्या खुर्चीत बसल्या आणि बसल्या जागी गेल्या. कुणाला त्रास नाही, काही नाही.

मालूताई, आम्ही सगळे तुमचे आहोत. घर एकटं वाटलं की हाक मारा.

मंडळी, आता उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. ताईंची बोटं आठवा.

ताई, तुमच्या हनीफचा सलाम घ्या.