चौथ्या क्रमांकाच्या शाली

आजच्या सत्कार सोहळ्याचे अध्यक्ष माननीय सुनीलराव, हे मंगल कार्यालय सरावासाठी विनामूल्य देणारे वाल्मिकशेठ, व्यासपीठावरील मान्यवर, पालक, भगिनींनो आणि दाराशी उभे राहून गप्पा मारणाऱ्या तरुणांनो, सर्वांना नमस्कार. खुर्च्या रिकाम्या आहेत. बसा.

आपल्या मुलींच्या कर्लिंग संघाची मी प्रशिक्षक, म्हणून कर्लिंग म्हणजे काय, असं मला बाजारात भाजी घेतानाही विचारतात. मूठ बसवलेला जड, गुळगुळीत दगड बर्फावर सरकवत सोडायचा. दोघींनी त्याच्यापुढे ब्रशनं बर्फ घासत पळायचं, म्हणजे तो लांब जातो. पलीकडे वर्तुळं आखलेली असतात. मध्याच्या जवळ ज्यांचा दगड, त्यांना गुण. "म्हणजे बर्फावर केर काढायचा?" असं एका गृहस्थांनी विचारलं. हो, केरच. तुम्ही घरात कधी काढलात का?

आता कर्जतला बर्फ कुठला? रसवंतीवर मिळतो तेवढाच. म्हणून सराव याच फरशीवर, चाकं लावलेल्या दगडांनी, आणि तोही लग्नाचा मुहूर्त नसेल त्या दिवशी. चाकांपुढे घासण्याचं काम नसतं. त्यामुळे आमच्या मुलींच्या हाती ब्रश आला तो थेट काश्मीरला, राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर.

तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात शेवटचा दगड आपला होता. कर्णधार श्रद्धानं तो सोडला. नम्रता पलीकडे वर्तुळापाशी उभी. तेजश्री आणि ललिता घासत पळत होत्या. ललिता डोंगरावरच्या वाडीतली. अंगण झाडायचं ते आखूड झाडूनं, कंबरेत वाकून, ही लहानपणापासूनची सवय. लांब दांड्याचा ब्रशही ती घाईत तशीच वाकून, खाली धरून चालवायला लागली आणि तो दगडाला निसटता लागला.

पंचांनी पाहिलं नाही. समोरच्या संघानं पाहिलं नाही. पण या खेळाचा रिवाज असा, की ज्याचा ब्रश लागला त्यानंच सांगायचं, आणि तो दगड बाद धरायचा. ललितानं हात वर केला.

श्रद्धा मागून ओरडली, "लागला का गं?"

"लागला, ताई."

"अडव मग!"

आणि मधोमध निघालेला तो दगड ललितानं स्वतः अडवून बाजूला काढला. पदक गेलं.

इथं परतल्यावर तिला काय ऐकावं लागलं? "कोनी बघितलं नव्हतं ना? मग तोंड कशाला उघडलंस गं?" आमच्या समितीतल्या एका सदस्यांनी तर सुचवलं, सत्कार तिघींचाच करू. नाव घेत नाही. ते दुसऱ्या रांगेत आहेत आणि आत्ता मोबाईल बघत आहेत. तेव्हापासून ललिता सरावाला आलेली नाही. "माझ्यामुळं तुमचं पदक गेलं," एवढंच म्हणते. ती खेळणार की नाही, हे मला अजून ठाऊक नाही. पंचाची नजर चुकवून जिंकणाऱ्यांना हार घालायची आपल्याला इतकी सवय झाली आहे का, की खरं बोलणारी आपल्यालाच नडते?

ललिता, शेवटच्या रांगेत काय बसलीस? वर ये.

काय म्हणालीस? मोठ्यानं बोल.

"हितंच बरी हाय, बाई."

अगं श्रद्धा, तू कुठे निघालीस? तेजश्री, नम्रता, तुम्हीही? बघा मंडळी, तिघी व्यासपीठ सोडून मागे जाऊन बसल्या. आता कुजबुजू नका, सभागृहाला ऐकू द्या. श्रद्धा विचारते आहे, "उद्या येनार ना गं?"

"येते. पन दगड सोडायला. घासायला नाय."

"दोन्ही करायचं! आधी पाठ सरळ करायला शीक."

हसली. चला, मला हवं ते उत्तर मिळालं.

अध्यक्षमहाराज, चारही शाली उचला आणि माझ्याबरोबर मागच्या रांगेपर्यंत चला. कार्यक्रमपत्रिकेत हे नाही, पण आज सत्कारमूर्ती तिथे बसल्या आहेत.

आपण सर्व आलात, शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनानं क्षमा करा. दुसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनीही करावी, आणि शाली पोचल्या की टाळ्यांची सुरुवात त्यांनीच करावी.