बारा शब्द आणि बारा भाकऱ्या

संघप्रिया : काका, आधी ते खिशातलं पाकीट डोक्यातून काढा बघू. ह्या बिटकॉइनच्या वॉलेटमध्ये नाणं ठेवायचं नसतं, किल्ली ठेवायची असते.

गुरुशांत : मग नाणं कुठं असतं?

संघप्रिया : जगभरच्या कॉम्प्युटरांवर एकच मोठी नोंदवही आहे, तिथं. कुणाचं किती, ते तिथंच लिहिलेलं असतं. तुमच्याकडं फक्त किल्ली.

गुरुशांत : म्हणजे पुस्तक ग्रंथालयात आणि त्याचं कार्ड माझ्याकडं. हे कळलं. चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो मी, मला नोंदवही समजावून सांगू नकोस. पुढं बोल.

शिवलीला : आधी तिला पाणी तरी पिऊ द्या की. पोरगी दिवसभर कॉम्प्युटरच्या क्लासात घसा फोडून येती, आणि तुमी उंबऱ्यातच धरलं तिला.

संघप्रिया : राहू दे काकू, मला मजा येते. लहानपणी काकांच्या ग्रंथालयात मोठ्यानं शिंकले तरी ओरडा खायचा. आज मी शिकवणार आणि ते ऐकणार!

गुरुशांत : हं. प्रकार सांग. बसू म्हणाला, ‘बाबा, वॉलेट तुमचं तुम्ही निवडा, पत्ता पाठवा, मी बिटकॉइन पाठवतो.’ बंगळूरला बसून आम्हाला गृहपाठ देतो.

शिवलीला : आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून पाठवतोय. दोघांना. मी म्हटलं, साडी पाठव. तर म्हणतो, साडी विटती.

संघप्रिया : लई भारी की! ऐका मग. एक, कंपनीचं वॉलेट. किल्ली कंपनीकडं. तुम्ही पासवर्ड विसरलात तर कंपनी तो परत मिळवून देते. नवख्याला सोपं. पण कंपनीनंच दार लावलं तर आपण बाहेर.

गुरुशांत : नको. कपाटाची किल्ली मी कधी शिपायालासुद्धा दिली नाही.

संघप्रिया : दोन, फोनमधलं. किल्ली तुमची. बारा शब्द मिळतात, तीच किल्ली. फोन हरवू दे, फुटू दे, नव्या फोनवर बारा शब्द टाकले की सगळं परत. शब्द हरवले तर मात्र देवसुद्धा काही करू शकत नाही. तीन, पेनड्राइव्हसारखं यंत्र मिळतं. ते पुष्कळ असेल त्यांना. तुम्हाला आत्ता गरज नाही.

गुरुशांत : दोन नंबर. ठरलं.

शिवलीला : मला कुणी इचारलं?

गुरुशांत : तुला ह्यातलं काय कळतं?

शिवलीला : ते शब्द कानडीत मिळतात का गं?

संघप्रिया : नाही काकू. कानडी नाही, मराठीपण नाही. इंग्रजीत घ्यायचे.

गुरुशांत : हिचं प्रत्येक ठिकाणी कानडी!

शिवलीला : अक्कलकोटला सातवीपर्यंत शाळेत जे वाचलं ते कानडीच वाचलं. मग काय मागू?

संघप्रिया : आता नीट ऐका. शब्द कागदावर लिहायचे. फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत. ‘कंपनीतून बोलतोय, शब्द सांगा’ असा फोन आला तर तो चोर. कुणालाही सांगायचे नाहीत. आणि बसूदादाला म्हणावं, आधी चिमूटभर पाठव. ते पोचलं की मग बाकीचं.

शिवलीला : चटणीत मीठ बघतात तसं.

संघप्रिया : अगदी तसंच!

गुरुशांत : कुणालाही म्हणजे... हिलापण नाही?

संघप्रिया : अहो, काकूंना... ते तुम्ही दोघं ठरवा की.

गुरुशांत : नियम म्हणजे नियम. नाही म्हणजे नाही.

शिवलीला : बघ गं. पोरानं दोघांना म्हणून पाठवलं, आणि घरात चोर कोण? मी.

गुरुशांत : चोर कोण म्हणालं? तुझ्या पोटात काही राहत नाही, एवढंच.

शिवलीला : चाळीस वर्षं काय काय राहिलंय ते तुमाला काय ठाऊक.

संघप्रिया : मी... मी निघते. काका, ॲप खऱ्या साइटवरूनच घेतलंय, मी तपासलंय. हे बटण दाबलं की शब्द येतील. आसपास कुणी नसताना दाबा. चालले मी!

गुरुशांत : शिवलीला, मी आतल्या खोलीत बसतोय. दार लावून घेतोय.

शिवलीला : घ्या की.

गुरुशांत : तासभर हाक मारू नकोस.

शिवलीला : मारत न्हाय.

गुरुशांत : ...अगं ए! काय चाललंय स्वयंपाकघरात?

शिवलीला : भाकऱ्या थापतेय! कडक करून बसूला पाठवायच्यात.

गुरुशांत : जरा हळू थाप की! मला माझाच आवाज ऐकू येईना.

शिवलीला : बरं. हळू थापते. तुमी वाचा.

(नऊ दिवसांनी. तेच घर. सकाळी नळाचं पाणी येऊन गेलंय.)

संघप्रिया : पिंपात?

गुरुशांत : पिंपात.

शिवलीला : पाच दिवसांनी पाणी आलेलं. मी म्हणतेय, फोन ठेवा आणि पाईप धरा. तर हे एका हातात पाईप, एका हातात फोन. आज भाव काय झाला ते बघतायत! वाकले, आणि डुबुक.

गुरुशांत : डुबुक म्हणू नकोस. मला अजून तो आवाज ऐकू येतोय.

संघप्रिया : अहो, रडताय काय? हे घ्या, नव्या फोनवर मी ॲप घातलं. ह्याच दिवसासाठी तर बारा शब्द असतात. आणा कागद.

गुरुशांत : आणलाय. शब्दकोशात ठेवला होता. शब्द शब्दांतच लपवावेत.

संघप्रिया : मी तोंड फिरवते. तुम्ही टाका... झालं?

गुरुशांत : झालं. लाल अक्षरात काहीतरी आलंय. ‘वाक्य चुकीचं’ म्हणतोय.

संघप्रिया : स्पेलिंग बघा.

गुरुशांत : माझं स्पेलिंग? पोरी, तुझ्या निबंधातली स्पेलिंगं कोण सुधारायचं?

संघप्रिया : परत टाका सावकाश.

गुरुशांत : ...परत लाल.

संघप्रिया : असं कसं? शब्द सांगू नका. फक्त पहिलं अक्षर सांगा. पहिला शब्द कशानं सुरू होतो?

गुरुशांत : बी.

संघप्रिया : दुसरा?

गुरुशांत : बी.

संघप्रिया : तिसरा?

गुरुशांत : सी.

संघप्रिया : काका... चौथा डी का हो?

गुरुशांत : नाही, जी. डीचा त्यात एकही नव्हता.

संघप्रिया : मग पुढचे सगळे जीच्या पुढच्याच अक्षरांचे?

गुरुशांत : तुला कसं कळलं? तू तर तोंड फिरवलंयस!

संघप्रिया : काका! तुम्ही ते एबीसीडीप्रमाणं लावलेत?

गुरुशांत : अर्थात लावले! आले तेव्हा काय अवस्था होती त्यांची! शेवटाकडच्या अक्षराचा शब्द आधी, मधला कुठंतरी खाली. कशाचा कशाला मेळ नाही. ॲपनं तिथल्या तिथं परीक्षाही घेतली, तिसरा कुठला, सातवा कुठला. ती मी पास झालो. मग स्वच्छ कागद घेतला आणि व्यवस्थित उतरवून काढले.

संघप्रिया : आणि तो पहिला कागद?

गुरुशांत : फाडला. बारीक बारीक तुकडे करून. तूच म्हणालीस ना, कुणालाही कळता कामा नयेत?

संघप्रिया : अहो काका, क्रम हीच तर किल्ली! तेच शब्द दुसऱ्या क्रमानं घातले की कुलूप उघडत नाही. मीच सांगायला पाहिजे होतं. पण शब्द कुणी लावून ठेवेल, हे माझ्या सात जन्मांत डोक्यात आलं नसतं!

गुरुशांत : मग क्रम बदलून बदलून बघू. मला काय उद्योग आहे? बसतो.

संघप्रिया : बारा शब्दांचे क्रम सत्तेचाळीस कोटी नव्वद लाखांच्या वर होतात.

गुरुशांत : सत्तेचाळीस कोटी...

संघप्रिया : कॉम्प्युटरला लावून शोधणारे असतात. पण त्यांच्या हातात बाराच्या बारा शब्द द्यावे लागतील. म्हणजे चोराला घराची राखण.

गुरुशांत : रविवारी बसू येतोय. म्हणेल, बाबा, दाखवा. काय दाखवू? पाण्याचं पिंप? त्यानं आपल्या पगारातून, आईबाबांना म्हणून... आणि मी ऐटीत सांगितलं होतं, ‘किल्ली माझ्याकडं आहे, काळजी करू नकोस.’ आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळली गं. एक सुटं पान हरवू दिलं नाही. आणि घरचं एवढंसं सांभाळता आलं नाही मला.

शिवलीला : विंडो.

गुरुशांत : काय?

शिवलीला : पहिला विंडो. मग अंकल. मग गार्लिक, तवा मी लसूणच ठेचत होते.

संघप्रिया : काकू! थांबा, थांबा! मोठ्यानं नको! मी ऐकलं नाही, काही ऐकलं नाही!

गुरुशांत : तुला... तुला कसं ठाऊक?

शिवलीला : अय्यो! दार लावलं म्हणून तोंड लावलं का तुमी? एकेक शब्द तीन तीनदा वाचत होता. एकदा लिहिताना, एकदा तपासताना, एकदा उगाच.

संघप्रिया : आणि तुम्हाला क्रमानं पाठ आहे? बारा?

शिवलीला : एका भाकरीला एक शब्द. ह्यांचा शब्द झाला की मी भाकरी तव्यावर टाकायची. पुढचा शब्द येईस्तोवर थापायची. बारा भाकऱ्या झाल्या, बारा शब्द झाले. लहानपणी माझी आई, अव्वा, कानडी वचनं अशीच पाठ करून घ्यायची, हात चालू ठेवून. आणि त्यात मला आला होता राग. राग आला की मला सगळं पाठ होतं.

गुरुशांत : नऊ दिवस बोलली नाहीस!

शिवलीला : तुमी इचारलं कुटं?

संघप्रिया : हे बघा, मी स्वयंपाकघरात जाते, दार लावते आणि जे सापडेल ते खाते. तुम्ही काकूंना विचारून टाका. कानात!

शिवलीला : दुरडीत भाकरी हाय, बरणीत शेंगाची चटणी. दही घे वरून!

गुरुशांत : सांग.

शिवलीला : कान इकडं करा... लिहा.

गुरुशांत : हं. पुढं.

शिवलीला : ...

गुरुशांत : नक्की?

शिवलीला : त्या भाकरीला फुगा आला न्हवता. नक्की.

गुरुशांत : पुढं. ...हं. ...थांब, सातवा परत सांग.

शिवलीला : एवढं तोंडाजवळ चाळीस वर्षांत बसला न्हाईत कधी.

गुरुशांत : अगं, हळू! ती ऐकेल.

संघप्रिया : दार लावलंय! काही ऐकू येत नाही!

शिवलीला : अकरावा हा. आणि बारावा... हा.

गुरुशांत : दाबू?

शिवलीला : दाबा की.

गुरुशांत : फिरतंय. नुसतं फिरतंय. शिवलीला, डोळे मिटून घे... अगं! अगं उघडलं! संघप्रिया! उघडलं!

संघप्रिया : दाखवा, दाखवा! आलं की! ही बसूदादानं पाठवलेली पहिली चिमूट, आणि हे बाकीचं. सगळं आहे! काकू, या, मला मिठी मारू द्या. हात चटणीचे आहेत, चालतील?

शिवलीला : यप्पा! माझी इस्त्रीची साडी! मार, मार.

गुरुशांत : मी तुला म्हणालो होतो, तुझ्या पोटात काही राहत नाही.

शिवलीला : म्हणाला होता.

गुरुशांत : चुकलो मी. संघप्रिया, तू साक्षीला आहेस. मी चुकलो.

संघप्रिया : तारीख टाकून लिहून ठेवते! पण आता काका, क्रमानं एका कागदावर उतरवा. पाठांतरावर सोडू नका. आणि ह्या वेळी कृपा करा, लावू नका.

शिवलीला : मी लिहिते.

गुरुशांत : तू? लिही की. आपल्या दोघांचं आहे. थांब, ग्रंथालयातलं कोरं तालिकापत्र देतो, पुस्तकांच्या नोंदीचं कार्ड. जाड असतं, टिकतं.

शिवलीला : पेन द्या. ...तोंड फिरव गं पोरी.

संघप्रिया : फिरवलं. फिरवूनच ठेवते आता, कायमचं.

शिवलीला : ...झालं. धरा. ठेवा शब्दकोशात.

गुरुशांत : हे काय? हे तर कानडी आहे!

शिवलीला : मग? मला जे येतं त्यात लिहिलं. शब्द इंग्रजीच हायत, अक्षर माझं.

गुरुशांत : पण मला वाचता येत नाही.

संघप्रिया : असं कसं काका? एरवी काकूंशी भांडता ते कानडीतच! खाली आमच्या घरात ऐकू येतं.

गुरुशांत : बोलता येतं. घरात तेच बोलत होतो लहानपणापासून. पण शाळा मराठी. अक्षर कधी शिकलोच नाही.

शिवलीला : लग्न झालं तवा मी ह्यांना म्हटलं, तुमी ग्रंथालयात हाय, मला कानडी पुस्तक आणा. दर शनवारी मराठी आणायचे. म्हणायचे, कानडी न्हाय आमच्याकडं.

गुरुशांत : होतं. भिंतीकडचं एक अख्खं कपाट होतं कानडी पुस्तकांचं. मला लावता येईना. कुठलं आधी, कुठलं नंतर, काही कळायचं नाही. कुणाला विचारायची लाज वाटली. मी त्याला कुलूप घालून ठेवलं.

शिवलीला : आणि मी घरात होते.

गुरुशांत : हो. तू घरात होतीस.

संघप्रिया : ...ते कपाट आहे का हो अजून?

गुरुशांत : असेल. नवा ग्रंथपाल माझ्या हाताखालीच तयार झालाय. मी म्हटलं तर उघडेल.

शिवलीला : मग मला न्या की एकदा. मी लावून देते. आणि हे कार्ड तुमी वाचायला शिका. रोज एक शब्द. ‘विंडो’पासून.

गुरुशांत : बारा दिवसांत येईल मला?

शिवलीला : हळू शिका. मला काय घाई न्हाय.