आत्याच्या दंडावरची रिबीन

हाताचं प्लास्टर काढायला आलेली शाळकरी पोरगी इस्पितळातल्या बाकावर बसली होती खरी, पण तिचे कान शेजारच्या दोघींकडे होते. नर्सिंगची विद्यार्थिनी आपल्या आत्याच्या दंडाला रबरी पट्ट्याऐवजी केसांची रिबीन आवळत होती.

“आत्या, हात सैल सोड ना! रक्त काढायची तालीम आहे, कुस्ती नाही.”

“सहा महिन्यांपूर्वी पैकीच्या पैकी मिळाले होते ना गं तुला?”

“तेव्हा रोज करत होते. मग वॉर्डात सगळा वेळ चादरी बदलण्यातच गेला. परवा सरावाच्या रबरी हातातून सुई काढली आणि पट्टा सोडायलाच विसरले! खरा माणूस असता तर रक्त भळाभळा आलं असतं. आजच्या परीक्षेत चुकले तर पुन्हा पहिल्यापासून शिका.”

“म्हणून आठवडाभर माझा दंड आवळतेयस होय! बरं, म्हण पुन्हा.”

“पट्टा बांधायचा, शीर चाचपायची, सुई घालायची. नळी भरली की आधी पट्टा सोडायचा, मगच सुई काढायची.”

“पुढची कोण?” परीक्षेच्या खोलीतून हाक आली.

“बाई गं! गेले मी.”

ती धावली. रिबीन आत्याच्या दंडावर तशीच. शाळकरी पोरीने तोंड उघडलं, तर आत्याने तिला डोळ्यांनीच दटावलं.

दाराशी विद्यार्थिनी थबकली, गर्रकन वळली आणि परत येऊन एका झटक्यात गाठ सोडली.

“आत्या! सांगायचं नाही का?”

“आत काय मी येणार आहे सांगायला? पळ आता, बोटांना मुंग्या आल्यात माझ्या!”