पाण्याला हाताची सवय

– किल्ली कुठं पळून जाते का, मोनालीताई? बसा आधी. टाकीच्या व्हॉल्व्हची किल्ली आहे ती, आणि दुष्काळात सोसायटीनंच ती माझ्या हाती दिली. मी मागायला गेलो नव्हतो, एवढं ध्यानात असू द्या. देतो. पण आधी हे आरोपपत्र पाठवू द्या, दुपारी न्यायालय बसतं. कुठलं न्यायालय? – बरोबर, तुम्हाला कसं ठाऊक असणार – की आहे ठाऊक? ‘राज्यपट’ म्हणून फोनवरचा एक खेळ आहे. काल्पनिक राज्य, पण त्यात खरी माणसं. निवडणुका, मंत्रिमंडळ, सगळं रीतसर. लोककथांच्या निवृत्त प्राध्यापकाला आणखी काय हवं? मी तिथला सरकारी वकील. हसू नका, खटला गंभीर आहे. ‘कारभारी’ या नावानं खेळणारे एक गृहस्थ – गृहस्थ की बाई, हाच तर प्रश्न – खेळात अवर्षण पडलं तेव्हा विधानसभेनं धरणाचे सगळे अधिकार त्यांना एकट्याला दिले. पाऊस येईपर्यंत. पाऊस आला, धरण भरलं, आणि हा माणूस अधिकार सोडीना! सत्तालोभ – दुसरा शब्द नाही त्याला. खेळातून कायमची हकालपट्टी, एवढीच माझी मागणी आहे.

नाही, तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही हे मला माहीत आहे. आपल्याकडंही पाऊस झाला, बोअरला पाणी आलं, मान्य. पण दोन्ही गोष्टी एक कशा? तो खेळ आहे. हे पाणी आहे. तुम्ही इथं नव्या. बायपासच्या अलीकडं-पलीकडं नुसतं माळरान होतं तेव्हापासून मी राहतोय – इमारती उगवल्या, वाळूजच्या कारखान्यांच्या शिफ्टच्या बसा दारावरून जाऊ लागल्या, नळ तेवढा आला नाही. टँकर आला की सुशिक्षित माणसं बादल्या घेऊन एकमेकांच्या अंगावर जायची. शिस्त कुणी लावली? मी लावली. परवा तुमच्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद राहिला – राहिला म्हणजे, ठेवला; पण शिक्षा म्हणून नव्हे. सभेत तुम्ही ज्या स्वरात बोललात त्याचा आणि पाण्याचा काही संबंध नाही. फारसा नाही.

तर, कारभारी. तो कोण हे मी शोधून काढणारच. जन्मभर दुसरं केलं काय? पाचोडच्या गोजरबाईंनी मला एक कहाणी सांगितली होती. तिच्यात राजा सांडणीवर, म्हणजे उंटिणीवर, बसून यायचा – ‘लई उंच सांडणी, भाऊ’ – एरवी या कहाणीत सगळीकडं घोडा. पुढं कन्नड गावात एका म्हातारीच्या तोंडी तीच सांडणी सापडली. म्हटलं, आजी, माहेर पाचोडचं का? ‘व्हय. तुला कुणी सांगितलं?’ कुणी सांगायला कशाला हवं? कथेला माहेर असतं, वाक्यालाही असतं, आणि आपलं माहेर वाक्याला लपवता येत नाही. आता कारभाऱ्यानं बचावात काय लिहिलंय ऐका – ‘पाण्याला आता माझ्या हाताची सवय झाली आहे.’ पाहिलंत? असलं वाक्य माणूस सहज बोलत नाही. हे घडवलेलं वाक्य आहे. आणि मी ते ऐकलंय – याच इमारतीत, याच कानांनी! म्हणजे आरोपी आपल्यातलाच. म्हणून तर तुम्हाला बसवून घेतलं. कुठं ऐकलं? गच्चीवर, पावसानंतरच्या सभेत. चौथ्या मजल्यावरचा देवेश? नाही, तो सभा उठताना आला. समोरच्या चारुताबाई? त्या सभेत तोंड उघडत नाहीत. तुम्ही? – तुम्ही तर किल्ली मागत होतात. तुम्ही मागितलीत, आणि उत्तर द्यायला जो उभा राहिला, टाकीला हात टेकवून, तो म्हणाला, ताई, पाण्याला आता –

…

तेव्हा मान खाली घालून फोनवर काय लिहीत होतात तुम्ही?

तो हात असा पुढं करून बसू नका. घ्या मागं. आरोपपत्र… त्यात दुरुस्त्या आहेत, ते आज जात नाही. किल्ली? किल्लीचं पुढच्या सभेत बघू. या तुम्ही. दार मी लावतो.