तात्यांचा फुकटचा इंग्लिश क्लास

आमच्या तात्यांचं डोकं बघा. दूध संस्थेचं इलेक्शन तोंडावर आलंय आणि ह्यांनी मतदारांसाठी फुकट स्पोकन इंग्लिशचा क्लास काढलाय! म्हणायचे, "मटण घालून मतं मागायचे दिवस गेले. आपण गाव सुधारायचं."

एका दिवशी अख्ख्या क्लासनं दांडी मारली. कुणाची म्हस आजारी, कुणाचा मेव्हणा. दुसऱ्या दिवशी सर आले आणि नेमका पास्ट टेन्स घेतला. म्हणाले, "काल काय काय केलं, ते इंग्लिशमध्ये सांगा."

पहिला बंड्या उठला. "यस्टरडे आय वेंट फार्महाऊस. आय एट मटण."

"व्हेरी गुड!" सर खूश. पहिल्या बाकावरनं तात्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग सुभ्या. "यस्टरडे आय एट मटण. आय ड्रँक पांढरा रस्सा."

पुन्हा टाळ्या. तिसऱ्यानंही मटणच खाल्लेलं निघालं, तेव्हा तात्यांचे हात हवेतच थांबले.

"काय रं, फार्महाऊस कुणाचं?"

गावात फार्महाऊस एकच हाय, आणि ते विरोधी पॅनेलच्या आण्णांचं. बरं, थाप मारावी, तर तेवढं इंग्लिश अजून कुणाला येत न्हवतं.

तात्या लालबुंद होऊन उठले. "सर, उद्यापासनं क्लास बंद! बंड्या, आचाऱ्याला फोन लाव."

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच अख्खा क्लास एका सुरात ओरडला, "थँक्यू सर!"