पाचोळ्याचं पांघरूण आणि माझी परखी

...आणि वर म्हणते कशी, "खणायचं न्हाई, शेट." आता तुम्हीच सांगा, परसात भाजी लावायला बाई बोलावली आणि ती म्हणते खणायचं नाही, मग काय मातीला ओवाळायचं? तुम्हाला सांगतो, लोणावळ्याच्या बाजारात पंचवीस वर्षं धान्याचं दुकान चालवलं, पण काम न करणं हेच काम, असं सांगणारं माणूस पहिल्यांदा भेटलं. मी संशयी नाही हो. नुसतं बघून घेतलेलं बरं.

झालं असं, चौसष्ट साली आमची हिरा तळेगावला दिली. व्याही केरबाशेट, तेही धान्याचेच व्यापारी. पहिल्या संक्रांतीला, भोगीच्या दिवशी, ते जेवायला येणार, आणि मी चारचौघांत बोलून बसलो, "भोगीची भाजी आमच्या परसातली. बाजारातली एक शेंग पानात दिसली तर नाव बदलीन." बोललो खरा, पण परसात काय, तर पावसानं धुतलेली तांबडी माती आणि दोन दगड. म्हणून दसऱ्याला तुंगार्लीच्या वरच्या वाडीतली कमळाबाई आणली.

तिनं काय करावं? पाट्या भरभरून पाचोळा, वाळलं गवत आणून वाफ्यावर वीतभर थर दिला. म्हटलं, "बाई, लोक कचरा बाहेर टाकतात, तू आत आणतेस?" तर म्हणते, "उगडी माती थंडीत आखडती. पांगरूण हाय त्ये, खाली वल ऱ्हाती." बरं, बी तरी वेगवेगळं लावावं? पावट्याच्या पायाशी लसूण, मधे वांगी, गाजर, मेथी, कडेला झेंडू... सगळं एका वाफ्यात. मी तूर आणि उडीद एका पोत्यात घातले तर गिऱ्हाईक भेसळ म्हणून चावडीवर नेईल. "एकमेकाला राखत्यात, शेट." राखतात म्हणे. आमच्या बाजारात शेजारी शेजाऱ्याला राखत नाही, आणि वांग्याला लसूण राखणार.

मनात आलं, हिनं बी पेरलंय तरी का? पाचोळ्याखाली कोण बघतंय? मी संशयी नाही हो, पण आमच्याकडे परखी असते, पोत्यात खुपसून मधला दाणा बाहेर काढायची लोखंडी पन्हळ. वर देखणा दाणा आणि आत खडे, असं पोतं मी जन्मात घेतलं नाही. मग रोज सकाळी मी परखी घेऊन परसात. दुकानाच्या वाटेवर वाफ्याची पावट्याची कड पडायची, म्हणून बघणं तिथंच. पाचोळा उचकटायचा, परखी खुपसायची, पावटा निघाला की डोळे भरून बघायचा, परत आत ढकलायचा. नुसतं बघून घेतलेलं बरं.

मार्गशीर्षात वांगी लागली, गाजरं जाडावली, मेथी गुडघ्याला आली. पावट्याच्या कडेला मात्र टक्कल. धरलीच बाईची लबाडी, म्हणून तिला बोलावलं. ती वाकली, भोकात बोट घातलं. "घूस लागलीया, शेट. पर घुशीचं बीळ वाकडं असतं. ही घूस लय सरळ खणती." आणि माझ्या हातातल्या परखीकडे बघत राहिली. दारात आमची मंडळी, पदर तोंडाला.

आता पावट्याशिवाय भोगी कसली? माझं नाव बदलायची वेळ आली. आदल्या दिवशी कमळाबाईच आली, पदरातून शेंगा ओतल्या. "माज्या परसातल्या हायत. बी तेच, डोंगर बी त्योच." घेतल्या. उघडून बघितल्या, पण दोनच.

केरबाशेट आले, भाजी दोनदा मागून घेतली. हात धुतले ते थेट परसात. टकलापाशी थांबले आणि काठीनं पाचोळा उचकटायला लागले.

"राहू द्या हो," मी म्हटलं, "उघडी माती थंडीत आखडते."

मान वर न करता म्हणतात, "आम्ही संशयी नाही हो, शेट. नुसतं बघून घेतलेलं बरं."

लोक म्हणतात, लेक परक्या घरी दिली. कसलं परकं...