राखाडी रेघेच्या सहा ताटल्या

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या अधीक्षक मॅडम, व्यासपीठावरील सन्माननीय डॉक्टरमंडळी, आजचे सत्कारमूर्ती आपल्या लॅबचे दादा, पहिल्या रांगेत जरा संकोचून बसलेल्या वहिनी, आणि ड्यूट्या बदलून घेऊन आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

या माणसाने छत्तीस वर्षं लोकांचं रक्त काढलं, आणि लोक अजून त्याला दुवा देतात. असं भाग्य किती जणांना लाभतं? मी तुमची मेट्रन. मला तर लाभलेलं नाही. हसू नका, खरं तेच सांगते आहे.

दादांना व्यसन एकच, जुने डिनरसेट. पन्नास-साठच्या दशकातली चिनी मातीची भांडी. फुलं-वेली नाहीत, सोनेरी काठ नाही, साधा सुबक घाट आणि एखाद-दुसरा रंग. सहलीला गेलो की आपण डोंगर बघतो, हे जुन्या बाजारात बशा उपड्या करत बसतात. त्यांचा सगळ्यात लाडका सेट दुधी रंगाचा. काठाला राखाडी रेघ, तिच्यावर मोहरीच्या रंगाचे तीन फटकारे. त्याच्या सहा मोठ्या ताटल्या जमवायला अकरा वर्षं लागली. त्या कपाटाला हात लावायची घरात कुणाची टाप होती का, ते वहिनींना विचारा.

बारा वर्षांपूर्वी, मी वॉर्डाची इनचार्ज सिस्टर होते तेव्हा, आमच्याकडे एक आजी होत्या. ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण त्यांनी जेवण सोडलं. तीन दिवस घास नाही. लेक रडून बेजार. डॉक्टर नाकातून नळी घालायचं म्हणत होते. दादा रक्त घ्यायला आले आणि नेहमीसारखं बोलण्यात गुंतवलं.

"आजी, काम काय करायचात?"

"रेघा मारायचे. कारखान्यात. चाकावर ताटली फिरवायची, ब्रश हलू द्यायचा नाही. एकोणतीस वर्षं."

"कसली रेघ?"

"राखाडी. वर पिवळे तीन फटकारे."

दादांच्या हातातली सुई तशीच राहिली. मी तिथेच उभी होते.

आजी म्हणाल्या, ताटलीच्या पाठीमागे रेघ मारणाऱ्या प्रत्येकीची खूण असायची. माझे दोन ठिपके.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा कागदात गुंडाळलेली ताटली घेऊन आले. तिच्यात सूपमध्ये भिजवलेला पाव आणि कुस्करलेला बटाटा वाढला. आजी लगेच म्हणाल्या, "उपडी करून दाखव."

"संपल्याशिवाय कशी करू? सगळं अंथरुणावर सांडेल की!"

आजींनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं आणि चमचा उचलला. अर्धा तास लागला, पण संपवलं. दादांनी ताटली पुसून उपडी केली. मागे फुली होती.

आजींनी फुलीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "ही माझ्या जाऊबाईची. आम्ही शेजारी बसायचो. घराच्या वाटणीवरून बोलणं तुटलं. ती गेली तेव्हासुद्धा मी गेले नाही."

पुढच्या दिवशी दुसरी ताटली आली, मग तिसरी. कुणाचा त्रिकोण, कुणाची आडवी रेघ. आजी चिडायच्या, पण ताटली रिकामी करायच्या. सहाव्या दिवशी दोन ठिपके निघाले. तोवर आजी उठून बसायला लागल्या होत्या आणि नळीचं नाव कुणी काढत नव्हतं.

आता मला सांगा, अकरा वर्षं ज्या माणसाने या ताटल्या उपड्या करून पाहिल्या, त्याला कुठल्या ताटलीवर कुठली खूण आहे ते ठाऊक नसेल? मी विचारलं तेव्हा म्हणाले, "सिस्टर, पहिल्याच दिवशी दाखवली असती तर दुसऱ्या दिवशी त्या कशासाठी जेवल्या असत्या?"

आजी घरी जायला निघाल्या तेव्हा दादांनी दोन ठिपक्यांची ताटली त्यांच्या पुढ्यात ठेवली. आजींनी ती परत सरकवली. "माझी काय करू? माझा हात माझ्यापाशी आहेच. तिची दे." फुलीची ताटली पदरात धरून त्या गेल्या. पुढे चार वर्षं, लेक सांगते, रोज त्याच ताटलीत जेवल्या.

सेट मोडला. सहाच्या पाच झाल्या. संग्राहकाला याहून मोठा घाव कुठला? पण त्याच आठवड्यात दादांनी कपाट उघडलं आणि घरातली सगळी त्या ताटल्यांत जेवायला बसली. वहिनी म्हणतात, पहिल्या दिवशी भीतीने कुणाच्याच घशाखाली घास उतरेना.

एक गोष्ट मात्र कुणाला माहीत नाही. वॉर्डात बाहेरची भांडी आणली म्हणून पहिल्याच दुपारी दादांना लेखी मेमो मिळाला. तो मी दिला होता. दुपारी एक वाजता, नियमावर बोट ठेवून. त्यांनी सही केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताटली घेऊन आले. परवा मी त्यांना म्हटलं, "दादा, निवृत्तीआधी तो मेमो फाइलमधून काढून टाकते." तर म्हणाले, "काढा, पण फाडू नका, मला द्या. आजी पहिल्यांदा जेवल्या त्या दिवसाची तारीख आहे त्याच्यावर."

तो मेमो मी आज आणला आहे. दादा, हा घ्या.

मला बोलू दिलंत याबद्दल अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. मेमोबद्दलची माफी मात्र मी एकट्या दादांकडे मागते आहे.